तिसऱ्या पाळीची नोंद

दोन चाळीस. एकशे आठमधून उतरवला तो माणूस
बसलेलाच होता, आडवं करू देत नव्हता कुणाला.
वामन पौनीकर, वय शहात्तर,
कोराडीच्या पॉवर स्टेशनात एकतीस वर्षं.
छातीत राख आहे, सून म्हणाली.
स्टेथोस्कोप लावला तर खरंच
आत कुणीतरी वाळली पानं तुडवत चाललेलं.

मे महिना. कॅज्युअल्टीतला कूलर
पाण्याविना नुसताच गरम वारा फेकत होता.
ऑक्सिजन एकसष्ट. नखं निळी.
मी हातमोजे चढवले, ट्यूब मागितली,
लॅरिंगोस्कोपचा दिवा लागला,
लहानसा, पांढरा, कुणाचंही न ऐकणारा.

"जे कराचं ते करा मॅडम," हेमराज म्हणत होता,
"पैशाचं पाहू नका, मशीनवर टाका,
पण बाबाले वाचवा."
आणि सून पिशवीत हात घालून
गोळ्यांच्या पट्ट्या, एक्स-रे, आधार कार्ड, विजेचं बिल
एकेक करून स्ट्रेचरवर काढत होती.
मला वाटलं, घाबरलीय.
ती शोधत होती.

लॅमिनेट केलेला कागद, लॉगबुकातून फाडलेला.
नोटरी नाही, शिक्का नाही.
साक्षीदार दोन: शेजारचे निनावे
आणि औषधाच्या दुकानातला पोरगा.
अक्षर मात्र ताठ, रीडिंग लिहावं तसं:

नळी घालू नये. मशीनवर ठेवू नये.
मी एकतीस वर्षं मशीन चालवली.
मशीननं मला चालवू नये.
दम लागला तर दमाचं औषध द्यावं, पंखा लावावा.
हेमराज रागवेल. त्याला कोणी बोलू नये.

"हे कवा लिहिलं? मले काऊन नाही सांगितलं?"
"तीनदा सांगितलं त्यांनी," मोनाली म्हणाली,
"तुम्ही तीनदा टीव्हीचा आवाज वाढवला."

गेल्या दिवाळीत हुडकेश्वरची एक बाई आली होती.
तिचा कागद साखरेच्या डब्याखाली सापडला,
आम्ही बरगड्या मोडल्या त्याच्या सहाव्या दिवशी.
तिच्या भावानं तो मला आणून दिला, काही न बोलता,
बरं झालेले लोक पेढे देतात तसा.

सरांना फोन लावला.
"शिक्का आहे का?" सर झोपेतून म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग: "पेशंट शुद्धीवर आहे ना?
मग मला कशाला विचारतेस?"

खरंच की. आम्ही तिघं कागद वाचत होतो
आणि लिहिणारा दीड हातावर बसलेला.

मी वाकले. काका, नळी घालू का?
नाही घातली तर सकाळ होईलच असं नाही.
बोलायला हवा नव्हती त्यांच्याकडे.
उजव्या हाताची मूठ वर आली
आणि सावकाश फिरली, एकदा, दोनदा,
व्हॉल्व बंद करतात तशी,
घट्ट होईपर्यंत.

दिवा विझवला. मॉर्फिन, अगदी थोडं.
मास्क राहू दिला. मॉनिटरचा आवाज बंद केला.
सिस्टर ठाकरे घरून आणलेला टेबलफॅन घेऊन आल्या.
हेमराज आधी भिंतीशी उभा,
मग पायथ्याशी, मग उशाशी.
शेवटी कोराडीच्या कुठल्याशा जुन्या सुपरवायझरचं
काहीतरी सांगत होता बापाला,
हसण्यासारखं असावं, दोघांचेही खांदे हलले.

पाच बावीस.
फॉर्मवर रकाना असतो: केलेले उपचार.
बाकी सगळं लिहून झाल्यावर लिहिलं: पंखा.

हेमराजला मूळ कागद हवा होता,
मला फाइलला प्रत.
झेरॉक्स काढली तर लॅमिनेशनवर उजेड पडून
मधल्या दोन ओळी कोऱ्याच आल्या.
पुन्हा काढली, पुन्हा कोऱ्या.
बाहेर दिवसपाळीचे डॉक्टर स्कूटर लावत होते.
मी पेन काढलं,
कागद दिव्यापासून तिरका धरला
आणि त्या दोन ओळी बघून बघून उतरवल्या,
माझ्या वाईट अक्षरात,
जेवढ्या ताठ येतील तेवढ्या.